नागलीचं संस्थान

पेठचं संस्थान १८७८ साली बेगमसाहेबांच्या निधनानंतर खालसा झालं आणि इंग्रजांनी त्याचा तालुका करून टाकला. आमच्या हॉलमध्ये ही बातमी अजून पोचलेली नाही. तिथं नागली नावाच्या मांजरीचा अंमल चालतो. ती दूधभाताचा सारा वेळच्या वेळी वसूल करते, ज्या फरशीवर ऊन पडेल ती फरशी जप्त करते, आणि जो मुलूख आपला मानते त्यावर नखांनी शिक्का मारते. पावसाळ्यात हा शिक्का नव्या सोफ्याच्या उजव्या हातावर पडला, वरपासून खालपर्यंत.

सासूबाई पाड्यावरचं जुनं घर सोडून कायमच्या आमच्याकडे राहायला आल्या, तेव्हा त्यांच्यासोबत एक जातं, दोन सुपं आणि टोपलीवर फडकं बांधून आणलेली ही मांजरी, एवढंच सामान होतं. जातं गच्चीवर गेलं. सुपं माळ्यावर गेली. मांजरी कुठंच गेली नाही. रंग नागलीच्या भाकरीचा, म्हणून नाव नागली. माझ्या वर्गातल्या पोरांनी तिला ‘मनी’ म्हणून हाक मारून पाहिली, तर तिनं कानसुद्धा हलवला नाही.

सोफ्याचं म्हणाल तर तो ह्यांचा हट्ट. स्लॅबचं घर झालं, फरशी झाली, भिंतीला पुट्टी झाली, मग हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या बऱ्या दिसत नाहीत, असं ह्यांचं म्हणणं पडलं. आम्ही नाशिकला गेलो. दुकानदारानं मोतिया रंगाचा एक सोफा दाखवला आणि म्हणाला, “मॅडम, कापडावरून हात फिरवून बघा.” मी हात फिरवला. जाडसर विणीचं, जरा खरबरीत, बोटाला धरून ठेवणारं कापड. हेच कापड आणखी कोणाला आवडेल हा विचार तेव्हा दुकानदाराच्या, ह्यांच्या, कोणाच्याच डोक्यात नव्हता. सोफा टेम्पोत चढला, सावळघाट आणि कोटंबीचा घाट ओलांडून पेठला उतरला, आणि उतरवून घ्यायला निम्मी गल्ली जमली. बाकीची निम्मी बसून बघायला आली.

सोफा आला की त्याचं प्लास्टिक काढायचं नाही, ही आपल्याकडची रीत. सोफा पाहुण्यांसाठी असतो आणि प्लास्टिक सोफ्यासाठी. मे महिन्यात त्यावर बसलं की उठताना पाठीची साल निघाल्यासारखा आवाज यायचा, तरी हे म्हणायचे, “राहू दे, रंग टिकतो.” ते प्लास्टिक नागलीनं काढलं. कोपऱ्यातून सुरुवात केली आणि तो चर्रर्र आवाज तिला इतका आवडला, की चार दिवसांत सोफा पाहुण्यांसाठी मोकळा झाला. ह्यांनी सोफा पुन्हा झाकण्यासाठी सासूबाईंचं जुनं लुगडं मागितलं. “माझं लुगडं लाकडाला नेसवायला नाही,” असं उत्तर मिळालं.

मग जून आला. पेठचा पाऊस ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगते: नाशिककर छत्री उघडतात तेव्हा आमच्याकडे बायका इरलं घेऊन आवणीला वाकलेल्या असतात. जिल्ह्याच्या ठिकाणापासून अंतर पन्नासेक किलोमीटर, पण पाऊस त्यांच्या दुप्पट-तिप्पट. कपडे वाळत नाहीत, काडीपेटी पेटत नाही, वहीचं पान शाई फुटून निळं होतं. अशा दिवसांत माणसानं घरात राहावं कसं, हाच प्रश्न असतो. मांजरीनं कसं राहावं याचा विचार कोण करतो? एरवी नागली परसातल्या आंब्याच्या खोडावर नखं घासायची आणि कुंपणाच्या लाकडाला हजेरी लावून यायची. पाऊस लागला आणि खोड शेवाळलं, कुंपण भिजून मऊ पडलं. ती दारापर्यंत जायची, उंबऱ्यावरून बाहेर बघायची, पंजा झटकायची आणि मागे फिरायची. मागे फिरलं की समोर सोफा.

पहाटेची वेळ तिनं नक्की केलेली. हे कामावर जायच्या घाईत चहा घेत असताना ती सावकाश झोपेतून उठायची, पाठ कमानीसारखी वर करायची, पुढचे पाय ताणून सोफ्याच्या हाताला लावायची आणि डोळे अर्धवट मिटून एकामागून एक ओढ काढायची. खर्र, खर्र, खर्र. तेव्हा तिचा चेहरा पाहिला तर वाईट काही चाललंय असं कोणाला वाटणार नाही. हे मात्र चहाचा कप हातात घेऊन, “अगं बघ, बघ, तुझी मांजर!” असं ओरडत धावायचे. एरवी मांजर आईची. सोफ्यापाशी ती माझी.

मग उपाय सुरू झाले. आपल्याकडे मांजराच्या उपायांची कमतरता नाही. ज्याच्या घरी मांजर नाही त्याच्याकडे जास्त. शेजारच्या काकूंनी निळीच्या पाण्याची बाटली ठेवायला सांगितली, कारण त्यांच्या अंगणात त्या बाटलीमुळे कुत्री येत नाहीत. बाटली सोफ्यावर ठेवली. नागली तिच्याशेजारी अंग चिकटवून झोपली. पावसात कोणाची तरी सोबत बरी. ह्यांच्या एका मित्रानं लाल तिखट भुरभुरायला सांगितलं. तिखट सोफ्यावर पडलं, पंख्याच्या वाऱ्यावर उडालं, आणि संध्याकाळपर्यंत घरातली सगळी माणसं शिंकत होती. मांजर तेवढी गच्चीच्या जिन्यात जाऊन बसली होती. मग दोन्ही बाजूंनी चिकटणारी चिकटपट्टी आली. ही युक्ती खोटी नाही. पंज्याला चिकट लागलेलं मांजरांना खरंच खपत नाही. पण त्याच दुपारी ह्यांचे मामा आले, त्या हातावर हात टेकून गप्पा मारत बसले, आणि निघताना त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याची बाही सोफ्यानं ठेवून घेतली. मामा मानी. ते दिवाळीपर्यंत परत आले नाहीत.

पिचकारीचा प्रयोग जरा जास्त चालला. होळीची उरलेली पिचकारी पाणी भरून टेबलावर ठेवायची आणि नख लागलं की फवारा मारायचा. यातून नागली एकच गोष्ट शिकली: पिचकारी ह्यांच्या हाताला जोडलेली असते. हे घरात असताना ती सोफ्याकडे ढुंकूनही पाहायची नाही. हे फाटकाबाहेर पडले, मोटारसायकलचा आवाज वळणापलीकडे गेला, की ती उठायची. शिंक्याचं तुटलं आणि बोक्याचं फावलं म्हणतात, पण इथं शिंकं तुटायची वाट पाहणारी मांजर नव्हती. ती वेळापत्रक पाहून काम करत होती.

पुढचा उपाय कपाटातून निघाला. हे डांबरगोळ्या आणि नीलगिरीचं तेल घेऊन सोफ्याकडे निघाले होते, तेवढ्यात आमच्या ओळखीचे एक पशुवैद्य दारात आले. ते आले होते गल्लीतल्या शेळीसाठी, पाऊस वाढला म्हणून चहाला थांबले. त्यांनी दोन्ही वस्तू ह्यांच्या हातातून काढून घेतल्या. डांबरगोळी आणि नीलगिरीचं तेल मांजराच्या पोटात जाणं म्हणजे विषच, आणि मांजर अंग चाटूनच साफ करतं, त्यामुळे जे अंगाला लागेल ते पोटात जाणारच. “सोफा वाचेल हो,” ते म्हणाले, “पण वाचवायचा कोणापासून ते उरणार नाही.”

ह्यांनी मग मनातलं विचारलं. पुण्याच्या भाच्यानं मोबाइलवर दाखवलं होतं, की परदेशात मांजराची नखं कायमची काढून टाकतात. ते इथं होतं का?

डॉक्टरांनी चहाचा कप खाली ठेवला आणि ह्यांचा हात हातात घेतला. ह्यांच्या तर्जनीचं शेवटचं पेर धरून म्हणाले, “नख नाही काढत. हे काढतात. एवढं, इथून, सांध्यातून. आणि एकाच बोटाचं नाही.” ह्यांनी हात ओढून घेतला. मग डॉक्टरांनी सांगितलं, की इंग्लंडमध्ये २००६ च्या कायद्यानं हे बंद आहे, इस्राएलनं २०११ मध्ये बंद केलं, अमेरिकेत न्यूयॉर्क हे पहिलं राज्य, तेही २०१९ साली. आपल्याकडे जनावराचे हाल करण्याविरुद्धचा कायदा १९६० पासून आहे, आणि त्यात अवयव छाटणं बसतं. ह्यांनी तो विषय तिथंच सोडला, पण दिवसभर तर्जनी दुसऱ्या हातात धरून हिंडत होते.

डॉक्टरांनी नखांचं शास्त्रही सांगितलं. मी शिक्षिका, त्यामुळे मला ते आवडलं. मांजराच्या नखावर थरांवर थर येतात. वरचा जुना थर सैल झाला की तो ओढून काढावा लागतो, तेव्हा आतलं नवं, अणकुचीदार नख बाहेर येतं. पुढच्या पायांचं काम घासून होतं, मागच्या पायांचं ती दातांनी करते. त्या दिवशी मी चष्मा लावून सोफ्याच्या शिवणीत शोधलं, आणि खरंच सापडलं: तांदळाच्या तुसाएवढं, दुधी, अर्धचंद्राकार, आतून पोकळ टरफल. एका टोकाला इतकं तीक्ष्ण की कागदावर ओढलं तर रेघ उमटली. तशी सात-आठ निघाली. मी ती काडीपेटीत घालून शाळेत नेली आणि पाचवीच्या मुलांना विचारलं, हे काय आहे? सगळ्यांनी वाघनख सांगितलं. अर्धे मार्क दिले.

ओरबाडण्याचं दुसरं कारण सहीचं. पंज्याच्या गादीत वास सोडणाऱ्या ग्रंथी असतात. ओरबाडा हा डोळ्यांना दिसणारा शिक्का आणि त्यावर आपल्याला न येणारा वास, असा दुहेरी दस्त. म्हणून जागाही अशी निवडायची, की येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेत भरेल. बिबट्या हेच करतो, वाघ हेच करतो. जंगलातल्या पायवाटेच्या कडेचं झाड निवडून त्यावर नखं ओढतो. वाघाची मावशी म्हणून आपण मांजराला चिडवतो, पण मावशीचं घराणं खरंच तेच आहे. आमच्या भागात वाघबारशीला गुराखी पोरं घरोघरी तांदूळ मागून वाघदेवाच्या ठाण्याशी स्वयंपाक करतात. लाकडावर नाहीतर दगडावर वाघ, सूर्य, चंद्र कोरलेला असतो. भाच्यासाठी गावानं लाकूड कोरून दिलं. मावशीनं स्वतः कोरायला घेतलं, तर पिचकारी.

हे सगळं ऐकत सासूबाई कोपऱ्यात जमिनीवर बसल्या होत्या. सोफा आल्यापासून त्या त्यावर एकदाही बसल्या नाहीत. “मऊ आहे, धरत नाही,” एवढाच शेरा. डॉक्टर गेल्यावर त्या म्हणाल्या, “आपल्या जुन्या घरात मांजर ओरबाडायचं नाही होय?”

ह्यांना आठवेना.

“ओरबाडायचं की. मेढीला ओरबाडायचं, कुडाला ओरबाडायचं, भाताच्या पोत्याला ओरबाडायचं. कोणी बघितलं?”

पाड्यावरचं ते घर मी लग्नानंतर पाहिलं होतं. मधोमध सागाच्या जाड मेढी, त्यांवर छप्पर. भिंती कारवीच्या कुडाच्या, शेणामातीनं लिंपलेल्या. एका बाजूला बांबूची कणगी, तीही लिंपलेली, आणि तिला टेकून बारदानाची पोती. त्या घरात मांजराला नख लावायला जागा शोधावी लागत नव्हती. नख न लागणारी जागाच नव्हती. कुडाचं लिंपण उडालं तर दिवाळीआधी पुन्हा शेणाचा हात फिरायचाच. कणगीला ओरखडे पडले तर पडले, उंदीर तर आत जात नव्हते. त्या ओरखड्यांना कोणी नुकसान म्हणत नव्हतं, कारण मांजर भात राखायच्या नोकरीवर होतं आणि नोकराच्या हत्यारांची धार कोणी मोजत नाही.

नव्या घरात आम्ही एकेक करत सगळं काढून टाकलं. मेढींच्या जागी सिमेंटचे कॉलम, त्यांवर गुळगुळीत रंग. कुडाच्या जागी पुट्टी. कणगीच्या जागी झाकणाचा प्लास्टिकचा ड्रम. जमिनीला चकचकीत फरशी, जिच्यावर नागली धावताना वळणावर घसरते आणि मग कोणी पाहिलं का म्हणून इकडंतिकडं बघते. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये नखाला धरेल अशी एकच वस्तू आम्ही आणून ठेवली, आणि ती मासिक हप्त्यावर.

ह्यांनी तातडीनं मोबाइलवरून मांजरांचा खांब मागवला. खोक्यावर गोऱ्या घरातली एक पांढरी मांजर त्याला मिठी मारून उभी. खांब निघाला माझ्या गुडघ्याएवढा, वजनाला हलका, वर एक चेंडू लोंबणारा. नागलीनं त्याचा वास घेतला, दोन्ही पंजे लावले, अंग ताणलं. खांब तिच्या अंगावर पडला. त्यानंतर ती त्या कोपऱ्यातून जाताना भिंतीच्या कडेनं जाते. मांजराला अंग पूर्ण ताणता यायला हवं, म्हणजे खांब निदान तीन फूट हवा, आणि तो हलता कामा नये, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण चित्रातल्या मांजरीला पाहून ह्यांचा विवेक सुटला.

त्या खांबाला गुंडाळलेली दोरी सासूबाईंनी हातात घेऊन ओढून पाहिली. “हे घायपात आहे,” त्या म्हणाल्या. होतंही तसंच. बांधावर, कुंपणाला जी काटेरी घायपात उगवते, जिची पानं कुजवून, झोडून वाख काढतात आणि दोर वळतात, त्याच जातीचा धागा खोक्यात बसून, परदेशी नाव लावून, हजार-दीड हजाराला आमच्याकडे परत आला होता. सासूबाईंचं म्हणणं, नाव बदललं तरी माझ्या हाताला कळतं. हे काही बोलले नाहीत, पण परत पाठवायची मुदत कधी संपते ते पाहायला लागले.

खरा खांब दिरांच्या अंगणात पडला होता. जुनं घर उतरवून तिथं घरकुल झालं, तेव्हा मेढी काढून पडवीत रचून ठेवल्या होत्या. दिरांनी त्यातली एक टेम्पोत घालून पाठवली. मी ती बारकाईनं पाहिली. जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत लाकूड नुसतं सालटलेलं, उभ्या बारीक रेघांनी भरलेलं, खोल रेघांत जुनं शेण अजून बसलेलं. नागलीच्या आईच्या, आजीच्या, कोण जाणे कितव्या पिढीच्या नखांचं ते काम. आणि त्याच्या दुसऱ्या अंगाला, बसल्यावर माणसाची पाठ येते त्या उंचीवर, लाकूड तेलकट गुळगुळीत झालेलं. तेव्हा मी त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही.

सुतारानं साडेतीन फुटांवर मेढ कापली आणि खाली जड फळी ठोकून उभी केली. सासूबाईंनी वरच्या भागावर वाखाचा दोर घट्ट आवळून गुंडाळला. आता ठेवायची कुठं? हे म्हणाले, मागच्या पडवीत. पण मांजर सही कोपऱ्यात लपवून करत नाही, चारचौघांत करते. शिवाय झोपून उठल्यावर ती आळस द्यायला लांब चालत जात नाही. म्हणून मेढ सोफ्याच्या उजव्या हातालगत, दारातून शिरल्या शिरल्या दिसेल अशी उभी राहिली. पुट्टी, मोतिया रंग, पडद्याला सोनेरी किनार, आणि मध्ये शेणाच्या रेघांचं सागाचं लाकूड. पाहुणे विचारायचे, “हे काय, देव का?” एकदोघांनी नमस्कारही केला. ह्यांनी कोणालाच नाही म्हटलं नाही. मांजरासाठी आहे म्हणण्यापेक्षा ते बरं.

नागलीनं पहिले काही दिवस मेढीकडे पाहिलं नाही. मग सासूबाई भर पावसात परसात गेल्या आणि खोकलीचं एक रोप मुळासकट उपटून घेऊन आल्या. आपण तण म्हणून उपटून टाकतो तेच, खाजोटी म्हणतात ते. त्याची मुळी चेचून त्यांनी दोरावर चोळली. मांजरांना खोकलीच्या मुळाचं वेड असतं. तगर गंठोड्याच्या मुळांचंही असतं, पण ती विकत घ्यावी लागतात. नागली सोफ्यावरून उडी मारून आली, गाल घासले, उताणी पडली, लोळली, लाळ गाळली, आणि मग उभी राहून दोन्ही पंजांनी त्या मेढीला अशी भिडली की फळी थरथरली. पण हलली नाही. सोफ्याच्या हातावर चिकटपट्टी तेवढी ठेवली होती, मामांना पुन्हा न बोलावता. पंधरवड्यानं ती नखांची टोकंही कापू देऊ लागली: फक्त पुढचं पांढरं टोक, आतल्या गुलाबी भागात रक्त असतं तिथवर कात्री न्यायची नाही, आणि एका वेळी एकच पंजा, कारण दुसऱ्या पंज्यापर्यंत ह्यांचा धीर टिकत नाही.

गणपतीपर्यंत सोफा सुटला. उजव्या हाताचं कापड ह्यांनी नाशिकहून बदलून आणलं; या खेपेला घट्ट, गुळगुळीत विणीचं, ज्यात नख अडकत नाही. हे त्यावर बसून टीव्ही बघू लागले, पिचकारी माळ्यावर गेली.

आणि एका दुपारी मी शाळेतून आले तर पुन्हा खर्र, खर्र. सोफ्याचा डावा हात. मेढीपाशी सासूबाई बसल्या होत्या. फरशीवर पाय पसरलेले, पाठ त्या तेलकट गुळगुळीत अंगाला टेकलेली, मान मागे, डोळे मिटलेले. एवढ्या दिवसांत त्या घरात अशा बसलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. नागली समोर बसून बराच वेळ त्या उठायची वाट पाहत होती असं दिसलं. मग तिला जे करायचं होतं ते तिनं दुसरीकडे केलं.

“आई, जरा सरकता का? तिला मेढ हवी आहे.”

“तिची कधी झाली? चाळीस वर्षं मी टेकलेय तिला.”

संध्याकाळी हे दिरांना फोन लावून आणखी एक मेढ मागत होते. ती आली, सुतारानं कापली, सोफ्याच्या डाव्या बाजूला उभी केली. सासूबाईंनी उठून दोन्हींना पाठ लावून पाहिली आणि म्हणाल्या, ही नवी जास्त बरी आहे, जुनी मांजरीला देऊन टाका. नागली तोवर नव्या मेढीवर चढून बसली होती.

आता हे तिसऱ्या मेढीचं विचारतायत. दिरांच्या पडवीत अजून चार आहेत.